आटीची पट्टी

कादंबरी तीन वेळा साठाव्या पानावर मेली.
तिन्ही वेळा हौसाक्का भोगावतीच्या पुलावर उभी,
पिठाच्या गिरणीची किल्ली मुठीत,
आणि मला ठाऊक नाही
ती कुठल्या बाजूला उतरणार.

दिवसा मी उद्यमनगरात चलनं फाडते.
पंपाची बॉडी, नग चाळीस. फ्लायव्हील, नग बारा.
माझ्या टेबलामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
दस्तगीर मिस्त्री सागवानाचे पॅटर्न करतात,
सत्तेचाळीस वर्षं,
आणि त्यांच्या हातचं एकही यंत्र आजवर चाललेलं नाही.
चालतं ते लोखंडाचं. लाकूड फळीवर परत येतं,
अंगाला काळी वाळू घेऊन.

एकदा डबा खाताना विचारलं,
लाकडाचा एवढा खटाटोप कशाला, थेट ओतायचं ना.
तुकडा तांबड्यात बुडवून म्हणाले,
"ओत की. पसरंल जमिनीवर तव्यागत.
लोखंडाला काय ठावं, त्येला पंप व्हायचंय?"

त्या रात्री साठ पानांचा तवा
मी पहिल्यांदा नीट पाहिला.

मग रोज जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं.
त्यांनी आधी पट्टी दाखवली. पितळेची,
माझ्या पट्टीशेजारी ठेवली तर शंभराला एक जास्त.
"ही खोटं बोलती. बोलायलाच पायजे.
तापल्यालं सगळं निवताना आकसतंय, पोरी."

घरी चलनांच्या गुलाबी प्रती उलट्या करून
एकेका प्रकरणाला एकेक कागद.
दोरीवर चिमटे लावून एकतीस प्रकरणं वाळत घातली.
आई खालून वाकून गेली. "मी जेवलो," म्हणाली,
"तू बस जीएसटी करत."

पहिला आराखडा इतका घट्ट बसला
की हौसाक्काला शिंकायलाही जागा नव्हती.
मिस्त्रींनी अंगठा पॅटर्नच्या कडेवरून फिरवला:
"सरळसोट भिंत करू नगंस. जरा तिरकी.
न्हाईतर वाळूतनं उचलताना सगळा साचा घिऊन वर येतंय."
अकरावं, बारावं, चौदावं खाली उतरवलं.
तेराव्यात नुसतं लिहिलं: बाजार. बघू.

आणि पोकळी.
ती मला सगळ्यांत उशिरा कळली.
तेलात मळलेली वाळू भाजून त्यांनी एक गाभा केला,
वांग्याएवढा, साच्याच्या मधोमध ठेवला.
"पंपातनं पाणी जातंय कुठनं?
जिथं आपून काय वतलं न्हाई, तिथनं."
सायकलवरून घरी येताना रंकाळ्याच्या वळणावर ठरलं:
हौसाक्काचा नवरा कुठे गेला,
हे एकतीस प्रकरणांत कुणी विचारणार नाही.
गाव पीठ दळून नेईल, उधारी ठेवेल, भांडेल,
आणि बरोबर तेवढीच जागा सोडून चालेल.

शेवटी दोरीवरची सगळी चलनं पिशवीत घालून नेली.
चष्मा घरी राहिला होता. त्यांनी वाचलं नाही काही,
कागद फक्त बाकावर ओळीने मांडायला लावले
आणि विचारलं, "वतायचं तोंड कुठाय?"
मी पूल दाखवला. पहिला कागद.
"वरनं न्हवं. वरनं वतलं की वाळू धुपती.
बाजूनं घे. हळू."

बाजूने म्हणजे?
दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी
जोंधळ्याचा डबा डोक्यावर घेऊन
कुणाची तरी मुलगी गिरणीच्या दारात आली,
तिला सुटे पैसे नव्हते.
तिथून सुरू केलं.

साठावं पान परवा गेलं. कळलंही नाही.
मागचे तिन्ही मसुदे मिस्त्रींच्या भाषेत भंगार,
आणि भंगार ते कधी फेकत नाहीत,
नव्या मालाबरोबर भट्टीत जातं.
त्यातली किल्ली मी घेतली. नदीचा वास घेतला.

एक कागद अजून दोरीवर आहे.
चलन क्रमांक एकतीस.
माल: पूल. नग: एक.
लांबी मापापेक्षा थोडी जास्त धरली आहे.
माल मिळाल्याची सही
अजून व्हायची आहे.